चार्ज यादी

निवृत्तीच्या फाइलीत एक कागद कमी होता.
पुंजाराम बेंडकुळे, व्हॉल्व्हमन, पंचवटी विभाग,
सेवा एकतीस वर्षं नऊ महिने,
चार्ज यादी जोडलेली नाही.
मी शेरा मारला, फाइल परत पाठवली.
माझं कामच ते.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला.
खांद्यावर ती लोखंडी किल्ली, उभी केली तर छातीला लागणारी.
दारात टेकवताना फरशी अशी वाजली
की दाखल्यांच्या रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या.
"लिहा मॅडम. किल्ली, लोखंडी, एक."
लिहिलं.
"झालं."
नमुन्यात बारा ओळी आहेत, मी म्हटलं.

तो बसला. खुर्चीवर नाही, खिडकीच्या कट्ट्यावर.
मग म्हणाला,
हिरावाडीचा व्हॉल्व्ह उलटा आहे.
बाकी सगळे उजवीकडे बंद होतात, तो डावीकडे.
कोणी बसवला देव जाणे, नकाशात सरळच दिसतो.
पेठ रोडच्या शेवटच्या गल्लीत
पाण्याआधी आवाज पोचतो.
पाइपातली हवा खाकरते, तेव्हा हंडे लागतात.
नाही खाकरली, तर आणखी सात आटे द्यायचे.
साहेब पाच सांगतील.
सात.

दिंडोरी रोडच्या चेंबरचं झाकण
उघडण्याआधी दोनदा ठोकायचं,
आत धामण राहते.
तिला काही करू नका. उंदीर नाहीत ते तिच्यामुळे.

मी पेन धरून बसले होते.
"तपशील" हा रकाना दीड बोटाचा.

आणि फुलेनगरात एकदा, तो म्हणाला, आणि थांबला.
मयत होतं. पहाटेचे चार.
घरात घोटभर पाणी नाही, पाळी सहाची.
पोरगा येऊन नुसता उभा राहिला चेंबरपाशी,
चपला न घालता. काही मागितलं नाही त्यानं.
मी उघडला. पंधरा मिनिटं.
टाकी तेवढी उतरली, पुढच्यांना उशीर झाला.
लॉगबुकात नाही लिहिलं.
हे चार्जात येतं का हो?

मला माहीत नव्हतं.
मी सेवापुस्तक उगाच चाळत राहिले,
आणि मेमोवर बोट थांबलं.
"पाणी पंधरा मिनिटं उशिरा सोडल्याबाबत खुलासा करावा."
सोबत नागरिकाचा तक्रार अर्ज.
मखमलाबाद रोड, तिसरी गल्ली, सही सासऱ्यांची,
अक्षर माझं.
कसं खणखणीत लिहिलं होतं मी,
"कर भरणाऱ्या माणसाला" वगैरे.

साल कुठलं हो ते, मी विचारलं.
त्याला आठवेना. थंडी होती म्हणाला.
अर्जावर तारीख होती, डिसेंबरची.
मृत्यूनोंदीचं टेबल माझ्यापासून तिसरं.
उठले असते तर दोन मिनिटांत कळलं असतं.
उठले नाही.
चहा मागवला.
त्यानं बशीत ओतून, फुंकर घालून प्यायला,
मेमोकडे बघितलं की नाही, सांगता येत नाही.

चार्ज घेणारा भोये. पेठचा, कंत्राटी,
अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर.
किल्ली उचलताना त्याचा खांदा एका बाजूला गेला.
"कुठला उलटा म्हणालात, काका?"
"हिरावाडी."
"आणि साप?"
"साप सरळ आहे."

मी लिहिलं. दोन: हिरावाडी, उलटा.
तीन: पेठ रोड, सात आटे, कान देऊन.
चार: धामण, एक, जिवंत.
पाचव्या ओळीवर पेन टेकवलं, शाईचा ठिपका पडला,
तो तसाच ठेवला.
देणाऱ्याची सही, घेणाऱ्याची सही,
खाली माझी, गोल शिक्का.

संध्याकाळी अधीक्षकांकडून फाइल परत आली.
"नमुन्याबाहेरील मजकूर वगळून फेरसादर करावे."
बरोबर आहे. मीही तेच लिहिलं असतं.
नवीन कोरा नमुना घेतला.
किल्ली, लोखंडी, एक.

जुना कागद टाकायला उचलला तेव्हा आठवलं,
सही करण्याआधी भोयेनं
मोबाइल काढून त्याचा फोटो घेतला होता.
आणि नीट आला नाही म्हणून
परत एकदा.